सहा आठवड्यांचा उपास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. ‘सहा आठवडे झाले, माझा पाळलेला बॉल पायथन साप उंदराकडे बघतसुद्धा नाही, आता जबरदस्तीने भरवू का?’ असं तू विचारलंयस. आधी एवढंच सांगतो, भरवू नकोस. तोंड उघडून घास कोंबला तर नाजूक जबड्याला आणि अन्ननळीला इजा होऊ शकते. अनेकदा साप तो घास पुन्हा बाहेर टाकतो आणि त्यानंतर खाण्याची त्याला आणखीच धास्ती बसते. तो मार्ग अगदी शेवटचा आणि तोही डॉक्टरच्या हातचा.

तुझा जीव टांगणीला लागलाय हे मला कळतं. माझ्या नराने पाच महिने काही खाल्लं नव्हतं. त्या काळात मी रोज रात्री टॉर्च घेऊन पेटीपुढे बसायचो. चिमट्यात धरलेला उंदीर पुढे केला की तो जीभ दोनदा लवलववायचा, मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे ओढायचा आणि मग अगदी सावकाश तोंड फिरवून स्वतःच्याच वेटोळ्यात खुपसायचा. ते तोंड फिरवणं मला फार लागायचं.

पण बॉल पायथनचा उपास म्हणजे आपला उपास नव्हे. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहणारा. त्याला शरीर गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून थोडक्यात त्याचं भागतं. विणीच्या हंगामात तर कित्येकदा धडधाकट मोठा नर महिनोन्‌महिने खात नाही. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर निळसर दुधी साय आली की त्या दिवसांतही बहुतेक जण नकोच म्हणतात. पिल्लू असतं तर मी इतक्या शांतपणे लिहिलं नसतं, त्याच्या अंगात साठा कमी असतो. तुझा चार वर्षांचा आहे.

म्हणून दिवस मोजणं सोड आणि वजन मोज. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, झाकणाच्या डब्यात घालून काट्यावर ठेव आणि आकडा वहीत लिही. माझा १३२० ग्रॅमचा होता, पाच महिन्यांनी १२४८ भरला. सहा टक्केसुद्धा कमी झाला नव्हता, आणि मी मात्र तो आता जातो की काय या भीतीत होतो. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, पाठीचा कणा वर दिसायला लागला, श्वास घेताना तोंड उघडं राहिलं, नाकातोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ आली, हिरड्या लाल किंवा पांढुरक्या दिसल्या, तर माझ्या पत्राची वाट न बघता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे ने.

यातलं काही नसेल तर सापाकडे नाही, पेटीकडे बघ. माझी चूक तिथेच होती. तापमापक मी काचेवर वरच्या बाजूला चिकटवला होता आणि तो इमानेइतबारे ३२ अंश दाखवायचा. एकदा सहज प्रोबचा (तारेच्या टोकाने तापमान मोजणारा) डिजिटल तापमापक त्याच्या लपायच्या जागेत जमिनीवर ठेवला, तर २६! तो ज्या जागी पडून राहायचा तिथे ऊबच नव्हती. उबेशिवाय त्याचं पचन चालत नाही, गिळलेला उंदीर पोटातच सडू शकतो. मग तो खाईल कशाला? मी त्याला हट्टी म्हणत होतो याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा उबदार बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश, गार बाजू २५ ते २७, दमटपणा साठ टक्क्यांच्या जवळपास, आणि हीटरला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेलं तापमान राखणारं यंत्र, हवंच. दोन्ही बाजूंना एकेक लपायची जागा ठेव, आणि ती ऐसपैस नको. आत वेटोळं घातल्यावर अंगाला चारी बाजूंनी भिंत टेकली पाहिजे, बिळात टेकते तशी. तुझी पेटी चारी बाजूंनी काचेची आहे ना? तीन बाजूंना कागद लाव. मी लावला तेव्हा त्याचं रात्रभर काचेवर नाक घासणं चार दिवसांत थांबलं.

आणि आता जे तुला सर्वांत अवघड जाईल ते. दोन आठवडे त्याला हात लावू नकोस, घासही दाखवू नकोस. पाणी बदल, वजन कर, बाकी काही नाही. दर तिसऱ्या दिवशी उंदीर पुढे करतोयस असं लिहिलंयस. प्रत्येक वेळी तो घाबरून मागे सरतो आणि चिमटा दिसला की मागे सरायचं एवढंच शिकतो. जिवंत उंदीर रात्रभर आत सोडायचा विचार तर मनातून काढून टाक. न खाणारा साप अंगावर चालून आलेल्या उंदरालाही बहुधा काही करत नाही, आणि उंदीर त्याची पाठ हाडापर्यंत कुरतडू शकतो.

दोन आठवड्यांनी, अंधार पडल्यावर, एकदाच दे. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा थोडा लहान गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये पूर्ण वितळू दे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात धर. मायक्रोवेव्ह नको. नंतर कोरडा पुसून घे आणि शेवटी फक्त डोकं पुन्हा गरम कर, कारण ओठांवरच्या खाचांनी तो ऊब ‘बघतो’ आणि गरम डोक्याकडे झेपावतो. नाही घेतला तर बिळाच्या, म्हणजे त्याच्या लपायच्या जागेच्या, तोंडाशी ठेवून दिवा घालव आणि खोलीबाहेर जा.

माझ्याने तसाच घेतला. मी दाराबाहेर उभा होतो, आतून एक ‘थप्’ ऐकू आलं. सकाळी उंदीर नव्हता, आणि बिळात त्याच्या पोटाला फुगवटा होता. पुढचे दोन दिवस मी त्याला उचललं नाही.

रविवारी वजन करशीलच. आकडा आणि बिळातल्या जमिनीचं तापमान, दोन्ही मला कळव.

तुझाच,
जुना मित्र