लाइट आली आणि सँडर आपोआप फिरू लागला: स्विचच्या लॉकबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
पॉवर टूल्स, मुख्य कार्यालय

विषय: सँडर-पॉलिशरच्या स्विचचा लॉक अडकून कारागिराला झालेली इजा आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

कुडाळजवळ आमचं जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं आणि पॉलिशचं वर्कशॉप आहे. सागवानी कपाटं, शिसवी खुर्च्या, फणसाच्या लाकडाचे देव्हारे असं काम येतं. तुमचं १८० मिलिमीटर पॅडचं सँडर-पॉलिशर आम्ही अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतलं. मशीन अजून वॉरंटीत आहे. खोक्यावर ते लाकूड घासण्यासाठी आणि पॉलिशसाठी असल्याचं मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे, आणि आम्ही त्याच्याकडून तेवढंच काम घेतलं.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट सारखी जाते. कधी तासभर, कधी नुसती दोन-चार सेकंद. त्या दिवशी आमचा कारागीर एका सागवानी कपाटाचं दार ८० नंबरच्या पेपरने घासत होता. लाइट गेली. त्याने ट्रिगर (मशीन चालू करायचा खटका) दाबून सोडला, मशीन बाकावर ठेवलं आणि प्लग काढायला बोर्डाकडे वळला. तेवढ्यात लाइट आली. कोणाचाही हात लागलेला नसताना मशीन पूर्ण वेगाने फिरू लागलं, बाकावरून उसळलं आणि चकती त्याच्या हाताला कोपराच्या खाली घासली. टाके घालावे लागले. मशीन पुढे दारावर पडलं आणि दाराच्या वेलबुट्टीचं कोरीवकाम खरवडून गेलं. ते कपाट गिऱ्हाइकाच्या आजीच्या लग्नातलं आहे.

हे का झालं ते आम्ही त्याच दिवशी तपासलं. तुमच्या मशीनला ट्रिगर दाबून धरायचा त्रास नको म्हणून बाजूला लॉकचं बटण आहे. ट्रिगर दाबून ते बटण आत ढकललं की ट्रिगर तसाच दाबलेला राहतो. पुन्हा ट्रिगर दाबून सोडला की स्प्रिंगने बटण बाहेर यायला हवं. आमच्या मशीनचं बटण बाहेर येतच नव्हतं. बारीक भुसा आणि जुन्या लाखेची पूड त्याच्या भोवती बसून घट्ट झाली होती. म्हणजे कारागिराने ट्रिगर सोडला तरी आतला स्विच चालूच राहिला होता. मशीन फक्त लाइट नसल्यामुळे थांबलेलं होतं.

मशीन आम्ही स्वतः उघडलं नाही, कारण उघडलं की वॉरंटी जाते असं कार्डावर लिहिलेलं आहे. ते कणकवलीच्या सेवा केंद्रावर नेलं. तिथे आमच्या समोर मशीन खोलण्यात आलं आणि जॉब शीटवर शेरा लिहिला गेला: ‘धूळ गेल्याने स्विच जाम, वापरातील दोष, वॉरंटी लागू नाही.’

माझा सगळा आक्षेप या एका शेऱ्यावर आहे. सँडर हे धूळ करणारंच यंत्र आहे. लाकूड घासलं की भुसा उडणार, आणि तो सगळ्यात आधी मशीनच्याच अंगावर बसणार. धूळ गेली म्हणून सँडर बिघडला आणि दोष गिऱ्हाइकाचा, असं असेल तर हे मशीन वापरण्याची बिनदोष रीत कोणती ते कंपनीने लेखी सांगावं. तुमच्याच कंपनीचं जुनं मॉडेल आमच्याकडे अजून चालू आहे. त्याच्या स्विचच्या बटणावर रबराची टोपी आहे, भुसा आत जातच नाही. नव्या मॉडेलमध्ये ती टोपी नाही. ती का काढली हे सेवा केंद्रातल्या माणसाला सांगता आलं नाही, आणि ते सांगणं त्याचं कामही नाही. त्या माणसाविरुद्ध माझी काही तक्रार नाही, तो नीट वागला.

निगा राखली नाही असंही म्हणता येणार नाही. काम संपलं की मशीन मोकळं फिरवत हवेच्या खिडक्यांतून कोरडी हवा मारतो, तीही जरा लांबून. नोझल खिडकीला चिकटवून जोरात हवा मारली की उलट भुसाच आत ढकलला जातो. पेपर किंवा पॅड बदलताना आधी प्लग काढतो, मग हात लावतो. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) उघडून पाहतो आणि झिजले की दोन्ही एकदम बदलतो. एकच बदलला तर ठिणग्या वाढतात आणि आर्मेचर (मोटरचा तो फिरता भाग) खराब होतं. वायर मशीनमध्ये शिरते तिथलं रबर तडकलं का ते बघतो. पॉलिशसाठी पॅडवर लोकरी टोपी चढवली की तिची दोरी आत खोचतो, कारण ती लोंबत राहिली तर स्पिंडलला (पॅड फिरवणाऱ्या दांड्याला) गुंडाळली जाते. वर्कशॉपच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलेला आहे, कारण पावसाळ्यात जमीन ओली असते.

यातली बहुतेक माहिती तुमच्या पुस्तिकेत नाही. आमच्या जुन्या कारागिरांकडून आणि वर्षानुवर्षांच्या कामातून ती आमच्याकडे आली आहे. पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. बरेच इशारे ग्राइंडरचे आहेत: लोखंड कापताना उडणाऱ्या ठिणग्या, कटिंग व्हील तुटणं. लाकडाबद्दल जवळजवळ काही नाही. मास्कचं एक छोटं चित्र आहे, कोणता मास्क ते नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात टाकून जाहीर केलं आहे. नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. आमचे कारागीर तोंडाला रुमाल बांधून घासायचे, आम्ही त्यांना एफएफपी२ (बारीक धूळ अडवणारे) मास्क आणून दिले. एका ओळीत ही सूचना छापायला कंपनीला किती खर्च येतो?

थिनरचंही तेच. लॅकर किंवा सीलर (थिनर घालून लाकडावर मारायचे लेप) नुकताच मारलेल्या बंद खोलीत कार्बन ब्रशचं मशीन चालवणं धोक्याचं आहे. ब्रशपाशी ठिणगी पडतच असते आणि थिनरची वाफ पेट घेते. घासणं आणि पॉलिश अशी दोन्ही कामं एकाच मशीनवर करा म्हणून तुम्ही ते विकता. मग एकाच खोलीत ही दोन्ही कामं शेजारीशेजारी चालणार हे तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे.

शिवाय खोक्यात दिलेल्या फोमच्या पॅडवर तो किती फेऱ्यांपर्यंत चालतो ते छापलेलं नाही. मशीन डायलवर मिनिटाला ६०० पासून ३००० फेऱ्यांपर्यंत जातं. पॅड किती सोसतो हे कळायचं कसं?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ मध्ये उत्पादनातला दोष आणि रचनेतला दोष यांच्याबरोबरच, इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणं हेही निर्मात्याच्या जबाबदारीत धरलेलं आहे. ‘वापरातील दोष’ असा शेरा मारण्याआधी कंपनीने हे कलम वाचावं.

आमची मागणी अशी. जॉब शीटवरचा शेरा लेखी मागे घ्यावा आणि स्विच विनामूल्य बदलून द्यावा, पण पुन्हा तसलाच उघडा स्विच नको, रबरी टोपीचा हवा. कारागिराच्या उपचाराचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च द्यावा, दाराच्या कोरीवकामाच्या दुरुस्तीचाही द्यावा. आणि आमच्यापुरतं मिटवून थांबू नये. हेच मॉडेल कोकणात आणखी किती सुतारांकडे असेल, आणि लाइट तर सगळ्यांकडेच जाते-येते. विकलेल्या मशीनच्या मालकांना विक्रेत्यांमार्फत कळवावं की लाइट गेली की आधी प्लग काढा आणि लॉकचं बटण बाहेर आलंय का ते बोटाने तपासा. वीज परत आली तरी ट्रिगर नव्याने दाबल्याशिवाय मशीन सुरू होऊ नये अशी सोय असलेली यंत्रं बाजारात मिळतात. पुढच्या मॉडेलमध्ये ती द्या, किंवा लॉकचं बटणच काढून टाका. ट्रिगर दाबून हात दुखला तरी चालेल, असं आमचा कारागीर स्वतः म्हणतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

मशीन प्लग काढून वेगळं ठेवलं आहे. तुमच्या अभियंत्याने इथे येऊन ते पाहावं. स्विच बदलला तर जुना स्विच आमच्याकडेच राहील, तो आयोगापुढे ठेवावा लागेल.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व मशीनचा अनुक्रमांक सोबतच्या बिलावर)

सोबत: बिलाची व वॉरंटी कार्डाची प्रत, सेवा केंद्राची जॉब शीट, डॉक्टरांचं बिल, स्विचची आणि दाराची छायाचित्रं