अणुरचनेची सुरुवात बर्नरपासून करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत अणुरचना शिकवली जाते ती फळ्यावर. मधे केंद्रक, भोवती वर्तुळे म्हणजे कवचे, वर्तुळांवर इलेक्ट्रॉनची टिंबे. सोडिअम २, ८, १ आणि क्लोरीन २, ८, ७. कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन याचे हे संरूपण मुले बिनचूक लिहितात. पण इलेक्ट्रॉन ठरावीक पातळ्यांवरच असतात हे कशावरून, असे विचारले की वर्ग गप्प होतो. प्रयोगशाळेत मात्र ज्योत-परीक्षण, म्हणजे तारेवर क्षाराचे (मिठासारख्या संयुगाचे) कण घेऊन ज्योतीत धरणे आणि रंगावरून त्यातला धातू ओळखणे, उरकले जाते: सोडिअम पिवळा, पोटॅशिअम फिकट जांभळा, कॅल्शिअम विटकरी. कोष्टक पाठ झाले की विषय संपला. वर्गाला न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर याच तासात दडलेले असते. म्हणून अणुरचनेचा धडा ज्योत-परीक्षणाने सुरू करावा, आणि ते परीक्षण नीट करावे, असे आम्हाला वाटते.

नीट करण्याची सुरुवात बर्नरपासून होते. हवेचे छिद्र बंद ठेवून, आधी पेटती काडी धरून मग गॅस सोडायचा. येणारी ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असते. तो पिवळेपणा तापलेल्या कार्बनकणांचा; या ज्योतीत दुसरा कुठलाही रंग ओळखता येत नाही. छिद्र हळूहळू उघडले की ज्योत निळसर होते आणि आत एक स्पष्ट शंकू दिसू लागतो. त्याच्या आत न जळलेला वायू असतो, तिथे तार धरून हाती काही लागत नाही. सर्वांत तापलेला भाग शंकूच्या टोकाच्या किंचित वर. हवा फार आणि गॅस कमी झाला तर ज्योत नळीत उतरून तळाशी जळू लागते, आवाज बदलतो, नळी तापते. अशा वेळी गॅस बंद करावा, नळी निवू द्यावी आणि छिद्र मिटवून पुन्हा पेटवावे. तापलेल्या नळीला हात लावून छिद्र फिरवायला जाणे म्हणजे बोटे भाजून घेणे.

नायक्रोमची तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरायची, आणि ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. आम्ल वॉच ग्लासमध्ये थोडेसेच घ्यावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. आम्लाचे काम दुहेरी आहे. ते तार स्वच्छ करते आणि क्षाराचे क्लोराइड बनवते. क्लोराइडे सहज बाष्परूप होतात, म्हणून रंग उठून दिसतो. ओल्या तारेवर क्षाराचे चार कण पुरतात. ढेकूळ घेतले तर ते तडतडून बर्नरच्या नळीत पडते आणि पुढचा सगळा तास ज्योत त्याच रंगाची राहते.

सर्वांत जास्त घोळ घालतो तो सोडिअम. घामात तो, काचेत तो, साध्या पाण्यात तो. तारेला बोट लागले तरी ज्योत पिवळी होते आणि पोटॅशिअमचा नाजूक जांभळा रंग तिच्यात बुडतो. म्हणून पोटॅशिअम आधी, सोडिअम शेवटी, आणि प्रत्येक क्षाराला वेगळी तार. इतके करूनही पिवळा डोकावलाच, तर कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहावे. ही काच पिवळा प्रकाश शोषते, पोटॅशिअमची ज्योत तिच्यातून लालसर जांभळी दिसते. ‘पोटॅशिअमचा रंग आलाच नाही’ असे जिथे वहीत लिहिलेले असते, तिथे बहुधा क्षार ठीक असतो आणि तार मळलेली असते.

नुसत्या रंगावरून मात्र ऊर्जापातळ्या सिद्ध होत नाहीत. त्यासाठी तो प्रकाश फोडून बघावा लागतो. पुठ्ठ्याचे खोके आतून काळे करा, एका बाजूला दोन पात्यांच्या धारा समोरासमोर चिकटवून अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद फट ठेवा आणि समोर जुनी सीडी तिरकी बसवा. सीडीवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ चाकोऱ्या असतात, तेवढ्या शालेय कामाला पुरतात. फट आणि पाहण्याच्या जागेवरच्या चाकोऱ्या समांतर हव्यात, नाहीतर रेषा फिसकटतात. मेणबत्तीकडे रोखले की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसतो. सोडिअमच्या ज्योतीकडे रोखले की ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीजवळ एकच पिवळी रेघ, आजूबाजूला जवळपास काळोख. लिथिअमची तांबडी रेघ ६७१ जवळ येते. सोडिअम मिसळलेला असला तरी ती आपल्या जागी वेगळी उभी राहते.

इलेक्ट्रॉनला कोणतीही ऊर्जा घेऊन राहता आले असते, तर सोडिअमच्या बाष्पानेही सलग पट्टाच दिला असता. ठरावीक रेघ म्हणजे दोन ठरावीक पातळ्यांमधला फरक, सोडिअमसाठी सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक). ज्योतीच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन वर जातो; प्रकाश मिळतो तो खाली येताना. उत्तरपत्रिकांमध्ये हे हमखास उलटे लिहिलेले सापडते.

इथे शिक्षकांनीही एक जपावे. सोडिअमचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचातून चौथ्यात जातो आणि परततो म्हणून पिवळा रंग येतो, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. ही उडी तिसऱ्याच कवचातल्या दोन उपकवचांमधली, म्हणजे एकाच कवचातल्या वेगवेगळ्या ऊर्जेच्या दोन पातळ्यांमधली, ३पी मधून ३एस मध्ये. वर्तुळांचे चित्र हायड्रोजनपुरते उत्तम चालते: तिसऱ्या कवचातून दुसऱ्यात येताना ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेघ, आणि शास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या १९१३च्या अणुप्रारूपातून हा आकडा गणिताने निघतो. सोडिअमपाशी ते चित्र तोकडे पडते, हे नववी-दहावीच्या मुलांना सांगायला काहीच हरकत नाही. त्याचप्रमाणे तांबे आणि बेरिअम पहिल्या प्रयोगाला घेऊ नयेत. त्यांचे हिरवे-निळे रंग बरेचसे ज्योतीत तयार होणाऱ्या रेणूंचे असतात, त्यामुळे रेघांऐवजी पट्टे दिसतात आणि मुले गोंधळतात.

बन्सन आणि किर्चहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० मध्ये सीझिअम व १८६१ मध्ये रुबिडिअम ही मूलद्रव्ये अशाच अनोळखी रेघांवरून शोधली. इलेक्ट्रॉनचा शोध त्यानंतर, १८९७ मध्ये लागला. पुरावा आधी आणि स्पष्टीकरण मागाहून, हा क्रम धड्यातही ठेवता येईल.

विज्ञान प्रदर्शनांसाठी एक कळकळीची सूचना. बशांमध्ये मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवण्याचा प्रकार पूर्ण बंद करावा. मिथेनॉलची वाफ ११ अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. बशी विझली असे समजून कुणी बाटलीतून आणखी ओतते, आग बाटलीत शिरते आणि समोर बसलेल्या मुलांच्या अंगावर लोळ येतो. त्याऐवजी लाकडाच्या पातळ काड्या क्षाराच्या द्रावणात रात्रभर भिजवून ओल्याच ज्योतीत धराव्यात. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले असावे, आणि काडी कोळसू लागली की काढून पाण्यात टाकावी. नाहीतर जळत्या लाकडाचा नारिंगी उजेड कॅल्शिअमचा म्हणून नोंदला जातो.

प्रात्यक्षिक परीक्षेत ‘रंग सांगा’ याला गुण असतातच. त्याच्या जोडीला ‘पोटॅशिअमची ज्योत पिवळी दिसली, तर काय तपासाल?’ असा एक प्रश्न मंडळाने घालून पाहावा.

आपले,
रसायनशास्त्राचे काही शिक्षक