ग्राफिक्स ड्रायव्हरचा करार संस्थांनी वाचायला हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी कामकाजात मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने 2015 साली जाहीर केले आणि आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली रुळली आहे. मात्र या संगणकांत एनव्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स कार्ड बसवले की ते चालवणाऱ्या बंदिस्त (मूळ कोड खुला नसलेल्या) ड्रायव्हर सॉफ्टवेअरसोबत जो परवाना करार गळ्यात पडतो, त्याची दखल संस्था घेत नाहीत, ही चिंतेची बाब आहे.

उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती बसवताना ग्राफिक्स आणि वाय-फायसाठी त्रयस्थ सॉफ्टवेअर घ्यायचे का, एवढेच विचारले जाते; अटी त्या सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांत आहेत असे एका ओळीत सांगितले जाते, अटी समोर येत नाहीत. ओपनसुसे या दुसऱ्या आवृत्तीत करार पडद्यावर दिसतो खरा, पण तिथल्या झिपर या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या आज्ञेला एक पर्याय जोडला की सारे करार आपोआप मान्य होतात. अनेक संगणकांवर एकदम ड्रायव्हर चढवणाऱ्याला तो सोयीचा वाटणारच. बंधन मात्र संस्थेवर येते.

या अटी केवळ कागदी नाहीत. 2017 च्या अखेरीस एनव्हिडियाच्या जीफोर्स या गेमिंग कार्डांच्या ड्रायव्हरचा करार बदलला आणि डेटा सेंटरमध्ये (अनेक सर्व्हर एकत्र चालवणाऱ्या केंद्रात) त्याचा वापर करण्यास मनाई झाली. सूट मिळाली ती फक्त ब्लॉकचेनच्या (बिटकॉइनसारख्या आभासी चलनांमागील तंत्राच्या) कामाला. पूर्ण किंमत मोजून घेतलेले कार्ड कुठे चालवायचे, हे अशा रीतीने ड्रायव्हरच्या करारावर ठरू लागले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासासाठी तुलनेने स्वस्त गेमिंग कार्डे सर्व्हरमध्ये बसवू पाहणाऱ्या महाविद्यालयांनी हा इतिहास खरेदीपूर्वीच विचारात घ्यायला हवा.

लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या कार्यप्रणालीचा ड्रायव्हर त्यात फेरफार न करता वाटण्याची मुभा हाच करार देतो, हेही नमूद केले पाहिजे. या मुभेमुळेच डेबियन या लिनक्स-आवृत्तीला तो आपल्या ‘नॉन-फ्री’ (मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरच्या) विभागात ठेवता येतो. पण ड्रायव्हर उलगडून त्याची रचना अभ्यासण्यास करारात मनाई आहे, आणि आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 तर दोन प्रोग्रॅम एकमेकांसोबत चालण्यासाठी आवश्यक व अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळवण्याची मोकळीक कायदेशीर वापरकर्त्याला देते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही विसंगती शिकवली जावी, असे मला मनापासून वाटते.

मे 2022 मध्ये एनव्हिडियाने ट्युरिंग या पिढीच्या व त्यापुढील कार्डांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधला (कार्यप्रणालीच्या गाभ्यातला) भाग खुला केला, हे स्वागतार्हच आहे. तथापि चित्रांकनासाठीच्या ओपनजीएल व व्हल्कन आणि कार्डावर गणन करण्यासाठीच्या कुडा यांच्या लायब्रऱ्या (प्रोग्रॅमना लागणारे तयार कोडसंच) बंदिस्तच राहिल्या, त्यामुळे करार सुटला नाही.

म्हणून सार्वजनिक पैशातून कार्डे घेणाऱ्या संस्थांनी ड्रायव्हरचा परवाना निविदेसोबतच मागवावा, त्याचा मराठी गोषवारा प्रयोगशाळेत लावावा, आणि जिथे काम भागते तिथे एएमडी किंवा इंटेलच्या, कर्नलमध्येच खुले ड्रायव्हर असलेल्या कार्डांचा आधी विचार करावा.

आपला,
एक वाचक, सांगली