पंखे माझ्या कपाटात आहेत

मा. संपादक, नमस्कार,

कॉलेजच्या टेक फेस्टचे फोटो तुमच्या पेपरात छान येतात, म्हणून तुम्हालाच लिहितोय. माझा नातू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यानं आणि तीन मित्रांनी मिळून थर्माकोलचं होव्हरक्राफ्ट (पंख्यांच्या हवेवर जमिनीलगत तरंगत पळणारी गाडी) बनवलं आणि टेस्टिंग कुठे, तर सिंहगड रोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मागच्या पंख्याचा नट सैल वाटला म्हणून हा आवळायला बसला, बॅटरी तशीच लावलेली, रिमोट शेजारच्या स्कूटरच्या सीटवर, आणि तेवढ्यात कुणाची तरी सॅक रिमोटला घासली. थ्रॉटलची, म्हणजे पंख्याच्या वेगाची, दांडी सोडली की आपोआप खाली येत नाही बरं का, सरकवली तिथंच राहते. दोन बोटांना मिळून सात टाके. डोळा वाचला एवढंच.

मी ३४ वर्षं भोसरीला टूलरूममध्ये लेथवर काढली. नवीन पोरगा आला की पहिला धडा एकच, चकची (लेथवर फिरणारा जॉब पकडणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. विसरला की फोरमन सगळ्यांदेखत असा काही झापायचा की जन्मात परत विसरणार नाही. ह्या पोरांना फोरमनच नाही हो.

त्यांना वाटतं प्लॅस्टिकचा तर पंखा, लागून किती लागणार. मी नातवाकडूनच आकडे घेऊन हिशोब केला. १००० केव्हीची मोटर म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला १००० फेरे, तीन सेलची लिपो बॅटरी ११.१ व्होल्टची, पंखा लावल्यावर फेरे उतरतात म्हणून ८००० च धरा, तरी १० इंची पंख्याचं टोक ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास पळतं. त्यातून पातं तुटलं तर उडतं बाजूला, आणि ही मंडळी नेमकी बाजूलाच उभी राहून व्हिडिओ काढत असतात!

बरं वायरिंग तपासायला, कोड टाकायला पंखा लागतो कुठे? मोटरच्या शाफ्टला चिकटपट्टीचा तुकडा लावा, कुठल्या बाजूला फिरते ते कळतं. रिमोट बंद केल्यावर मोटर थांबते का हेही तसंच बघायचं, कारण फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) सेट केलेला नसला तर काही रिसीव्हर शेवटचाच सिग्नल धरून बसतात. पंखा सगळ्यात शेवटी, तोही मशीन बाकाला क्लॅम्प मारून (झिपटायवर माझा काडीचा भरवसा नाही), आणि परत पंख्याला हात लावायचा तर आधी बॅटरीची पिन काढायची, दोन सेकंदांचं काम असलं तरी.

ड्रोनला निदान २०२१ चे नियम तरी आहेत, पण ते आकाशातले, पार्किंगमधल्या होव्हरक्राफ्टला कोण विचारतंय. प्रोजेक्ट गाइडना भेटलो तर म्हणाले टेस्टिंग कॅम्पसबाहेर झालं, आमचा संबंध नाही. अहो पण तुमचं वर्कशॉप पाचला बंद होतं, पोरांनी जायचं कुठे? आठवड्यातले दोन दिवस आठपर्यंत उघडं ठेवा, एका कोपऱ्यात क्रिकेटची जाळी लावा, एक अनुभवी माणूस बसवा, हवं तर मी येतो फुकट. आणि फेस्टमध्ये परीक्षकांनी मशीन पळवून बघायच्या आधी बंद करून दाखवायला सांगावं.

टाके निघालेत. होव्हरक्राफ्ट पार्किंगमध्येच पडलंय, पंखे मात्र मी काढून माझ्या कपाटात ठेवलेत, नातू रोज मागतो आणि मी रोज विचारतो, क्लॅम्प आणलास का?

एक निवृत्त टूलरूमवाला,
सिंहगड रोड, पुणे