अथणीच्या, चपला शिवणाऱ्या मामांना आणि त्यांच्या सूनबाईंना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि माझं रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगायचं म्यान नीट करायचं कामही असं आहे की नावगाव न सांगितलेलंच बरं. पण पत्र मात्र उघड लिहिते आहे. ज्या दुकानदारांनी मला हसून परत पाठवलं, त्यांनी ते चारचौघांत केलं होतं. मग आभारही चारचौघांतच मानते.

हे गेल्यापासून निपाणीतलं आमचं सोन्याचांदीचं दुकान मीच बघते. एका संध्याकाळी शटर ओढताना दोघांनी मला अडवलं आणि पिशवीला हात घातला. समोरच्या भाजीवालीनं आरडाओरडा केला म्हणून वाचले. त्यानंतर रीतसर परवाना काढला आणि कानपूरच्या कारखान्याचं .32 चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घेतलं. वाटलं, आता निर्धास्त झाले. खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. ते अंगावर बाळगायचं कसं, हे कुणीच सांगेना.

शस्त्र नियम 2016 सांगतात की चारचौघांत नेताना ते होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्यार ठेवायच्या म्यानात, किंवा तशाच कव्हरमध्ये हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि आपल्या ताब्यात हवं. म्हणजे झाकणं हा माझा नखरा नव्हता, कायदाच तसा आहे. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात गेले, तर तिथल्या माणसानं खांद्यावरून घ्यायचं तयार होल्स्टर पुढं टाकलं. "मॅडम, यात एकच साइज येतो." तो साइज पुरुषाचा, रुंद खांद्याचा, कमरेला पट्टा असणाऱ्याचा. बोटाएवढ्या पट्ट्या खांद्यात रुतायच्या. पाठीवरची लोखंडी कडी गाडीच्या सीटला टेकलं की मणक्यात बोचायची. रिव्हॉल्व्हर काखेत आडवं राहायचं, त्यामुळे मूठ पुढून जॅकेटला फुगवटा आणायची आणि नळी मागे, माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाकडे. सगळं वजन डावीकडे, म्हणून संध्याकाळपर्यंत मान धरायची. साडीवर घालून पाहिलं, तर पिन लावलेला पदर हाताला अडवायचा. कुडत्यावर घालावं, तर खालचे पट्टे अडकवायला कंबरपट्टा नाही.

तक्रार घेऊन परत गेले, तर मालक म्हणाले, "ताई, तुम्ही आपलं पर्समध्ये ठेवा." आजूबाजूचे हसले. अहो, चोर पहिला हात कशाला घालतो? पर्सलाच ना! एवढी साधी गोष्ट हत्यारांच्या धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसाला कळू नये? दुसऱ्या एकानं तर "घरात कुणी पुरुष नाही का?" असं विचारलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. आजही द्यावंसं वाटत नाही.

तुमच्याकडे आले ती चपलांच्या ओळखीनं. चिकोडीवरून कृष्णा ओलांडून यायचं, उन्हाचं, आणि मनात धाकधूक की हेही हसतील. तुम्ही हसला नाहीत. चामडं कापायची रापी बाजूला ठेवली, हात धुतले आणि पहिलं वाक्य बोललात, "अक्का, आधी ते रिकामं असल्यालं आमच्या सुनेला दाखवा, मग मी हात लावतो." काडतुसं मी गाडीतच कुलपात ठेवून आले होते. तरी सहाची सहा घरं सूनबाईंनी डोळ्यांनी पाहिली, तेव्हाच तुम्ही पुढं झालात. इतकी शिस्त मला त्या झगमगीत दुकानातसुद्धा दिसली नव्हती.

पण मामा, मी हे पत्र लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीसाठी. पट्टे कुठं रुततात ते मला नीट सांगता येईना. लाजही वाटत होती. तुम्ही ते ओळखलंत आणि एक शब्द न विचारता उठलात. शेजारच्या किराणा दुकानातून अर्धा किलोचं आणि दोनशे ग्रॅमचं वजन मागून आणलंत, फडक्यात बांधून माझ्या होल्स्टरमध्ये घातलंत, आणि सूनबाईंना म्हणालात, "हे घालून तुझी कामं कर. बाईच्या खांद्याचं बाईलाच कळणार." आणि ती माउली ते अंगावर चढवून कामाला लागली! नळावरून घागर आणली, भाकऱ्या थापल्या, रडणारं पोर कडेवर घेतलं. कडेवरचं पोर उतरवताना ती थांबली, मला आत बोलावलं आणि हळूच खांद्यावर बोट ठेवून म्हणाली, "अक्का, आतली पट्टी असत्या ना, बरोबर तिच्यावरच ही बसत्या. दोन्ही मिळून कापतंय." मला इतके दिवस जे कुणाला सांगता आलं नव्हतं, ते तिनं माझ्यासाठी अंगावर सोसून शोधलं. तिथंच माझे डोळे भरून आले. आत्ता लिहितानाही तेच होतंय.

मग तुम्ही जे केलंत, त्याचं सगळं वर्णन करत बसत नाही, तुमच्या हाताची कला कागदावर उतरायची नाही. पट्टा रुंद झाला, गळ्यापासून जरा बाहेर सरकला, ओझं पसरलं. पाठीवरची कडी जाऊन तिथं मऊ चामड्याची चकती आली, वादीनं ओवलेली. वाकलं तरी ती अंगाबरोबर फिरते. रिव्हॉल्व्हर नळी खाली करून किंचित तिरकं बसवलंत, त्यामुळे मूठ काखेच्या खोबणीत वर राहते आणि सैल सुती जॅकेटखाली कुणाला शंका येत नाही. कंबरपट्टा नाही म्हणून आत सुती नाडी दिलीत. आणि उजव्या बाजूच्या कप्प्यात काडतुसांनी तोल येईना, तेव्हा माझ्या हातातल्या दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघून म्हणालात, "हे हितं ठेवा की!" मान धरायची त्या दिवसापासून थांबली.

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं तुमचं चामडं ओलं करून आकाराला दाबलं की तसंच राहतं, हे मी समोर पाहिलं. जाताना बजावलंत, "रात्री ह्यातनं काढून ठेवत जावा. चामडं वल धरतंय, लोखंडाला गंज चढतोय." तेवढं मी रोज पाळते.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपल्या बेळगाव जिल्ह्याचंही नाव आहे. तुमच्या हातच्या चपला घालून लोक लग्नात मिरवतात, आणि त्या करणाऱ्याला मात्र दारातूनच व्यवहार करून वाटेला लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला त्याचा संताप येतो. माणुसकी शिकायची तर लोकांनी तुमच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसावं. तुमच्या घरात कानडी, माझ्या घरात मराठी, पण त्या दुपारी मला परकं वाटलं नाही. मी बाई आहे, एकटी आहे, हत्यार बाळगते, यातलं काहीच तुम्हाला चर्चेचं वाटलं नाही. माणसाला बोचतंय, ते बोचायचं थांबलं पाहिजे, एवढंच तुम्ही पाहिलंत.

सूनबाई, तुम्ही त्या दिवशी दिलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी पोटभर खाल्ली, आणि आभार मानायचे राहूनच गेले. ते आता मानते.

मामा, पावसाळ्यात डावा पट्टा थोडा सैल झाला आहे. दसऱ्याच्या आधी येते. मागच्या वेळी चामड्याच्या वाद्यांचे पैसे घेतले नाहीत, या वेळी घ्यावेच लागतील.

तुमची,
निपाणीची अक्का