आतली लाईट टाळू नकोस, आत्या

व्हिएन्ना,
रविवार, ११ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र वहिनीच्या फोनवर पाठवतेय. तिने तुला सावकाश वाचून दाखवावं. मामांनीही जवळ बसून ऐकावं.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाहेरच्या पंचवीस लाईटी झाल्या, रक्तस्राव थांबला, आता आतलं काही नको. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू उरकू दे, मग बघू." फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. तुझ्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर जी लाईट, म्हणजे रेडिएशनची किरणं, देतात, ते काम मी रोज करते. मी डॉक्टर नाही. कुठे किती लाईट द्यायची, याचा हिशेब मांडणारी फिजिसिस्ट आहे. म्हणून घरात सगळ्यात आधी मीच तुला हे सांगायला हवं.

रक्तस्राव थांबला म्हणजे गाठ मेली असं नाही. ती आकसली आहे. ती पुरती मारायला जेवढी लाईट लागते, तेवढी बाहेरून देता येत नाही. गर्भपिशवीच्या पुढे लघवीची पिशवी आणि मागे शौचाचं आतडं अगदी चिकटून असतं, ते आधी भाजेल. लाईट मोजायच्या मापाला ग्रे म्हणतात. तुझ्या पंचवीस लाईटींत मिळून ४५ ग्रे झाले. गाठीच्या जागी ही बेरीज ८५ च्या वर न्यायची असते, आणि आतड्याच्या सगळ्यात जवळच्या भागाला मात्र ७५ च्या आत ठेवायचं असतं. हे फक्त आतूनच जमतं. चुलीच्या तोंडाशी हात धरला तर पोळतो आणि वीतभर मागे घेतला तर नुसती ऊब लागते, तसंच इथे. अंतर दुप्पट झालं की मारा चौथाईवर येतो.

"आत तार घालणार म्हणे," असं तू दबक्या आवाजात विचारलंस. काय करतात ते सांगते. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. मग गर्भपिशवीत एक बारीक नळी बसवतात आणि पिशवीच्या तोंडाशी एक कडं टेकवतात. भोवती गॉजची पट्टी घट्ट भरतात, म्हणजे नळी हलत नाही आणि आतडं, लघवीची पिशवी थोडी लांब सरते. तेव्हा या नळ्या रिकाम्या असतात. लाईटचा दाणा नंतर मशिनमधून तारेच्या टोकाला लागून येतो, तांदळाच्या दाण्याहूनही बारीक, इरिडियम नावाच्या किरणं देणाऱ्या धातूचा. ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबत थांबत पुढे जातो आणि परत मशिनमध्ये जाऊन बसतो. दहा-वीस मिनिटांचं काम. तुझ्या अंगात काही उरत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घे, त्याला काहीही होणार नाही.

माझं काम नळ्या बसणं आणि दाणा येणं या दोन्हींच्या मधलं. नळ्या बसल्या की त्या तशाच ठेवून एमआरआय काढतात, आणि ते चित्र माझ्या पडद्यावर येतं. लघवीची पिशवी पांढरीशुभ्र दिसते, नळी काळी आणि उरलेली गाठ राखाडी. डॉक्टर एकेका कापावर गाठीची कड आखतात, आतड्याची कड आखतात. मग मी दाणा कुठे किती थांबेल ते बसवते. इथे दोन सेकंद वाढव, तिथे चार कमी कर, असं.

पूर्वी हे चित्र नव्हतं. १९३८ मध्ये मँचेस्टरच्या लोकांनी एक बिंदू ठरवला, पिशवीच्या तोंडापासून दोन सेंटिमीटर वर आणि दोन सेंटिमीटर बाजूला. त्या बिंदूला किती लाईट पोचते यावर जगभर वर्षानुवर्षं उपचार चालले. एक्स-रेत हाडं आणि नळी दिसायची, गाठ दिसायचीच नाही. त्यामुळे गाठ मोठी असो की लहान, डावीकडे पसरलेली असो की उजवीकडे, सगळ्या बायकांना तोच नासपतीच्या आकाराचा मारा. त्यानेही पुष्कळ बायका बऱ्या झाल्या, त्या लोकांचे उपकारच आहेत. पण कुणाची गाठ कडेला उरायची आणि कुणाचं आतडं विनाकारण भाजायचं. चित्र पाहून मारा बेतायची रीत युरोपातल्या तज्ज्ञांनी २००५ आणि २००६ मध्ये लिहून काढली. त्यात इथले, व्हिएन्नाचे, डॉ. रिचर्ड पॉटर पुढे होते. मी या शहरात आले ती हेच शिकायला.

मागच्या आठवड्यात एका बाईंचं चित्र आलं. साधारण तुझ्याच वयाच्या. गाठ डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढी उरलेली. नुसत्या कड्याने तिथवर लाईट पोचेना, आणि वेळ वाढवला तर आतड्याचा मारा मर्यादेबाहेर जाईल, अशी अडचण. मग त्या कड्याच्या भोकांतून डावीकडे दोन सुया घातल्या आणि दाणा त्यांतूनही फिरवला. गाठ पुरती झाकली गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं तर आतड्याचं एक वळण वाऱ्याने फुगून गर्भपिशवीला टेकलेलं. मी कालचा हिशेब बाजूला ठेवला आणि नवा मांडला. तू पडद्यावर ते वळण पाहिलं असतंस, तर रोज नव्याने का बघायचं हे तुला मी सांगायची गरजच पडली नसती.

हे युरोपातच होतं असं समजू नकोस. चित्र पाहून केलेल्या उपचारांची मोठी पाहणी झाली, २४ रुग्णालयांतल्या १४१६ बायकांची. त्यात मुंबईचं टाटाही होतं. पाच वर्षांनंतर शंभरातल्या ९२ जणींच्या त्या जागेतली गाठ परतली नव्हती. आणि एमआरआय दर वेळी जमला नाही, तर पहिल्याचा आधार घेऊन सीटीवर किंवा सोनोग्राफीवर कसं भागवायचं, यावर टाटाच्या डॉक्टरांनी फार चांगलं काम केलंय. म्हणून वहिनी, तिथल्या डॉक्टरांना एवढंच विचार: नळ्या बसवल्यावर एमआरआय काढणार की सीटी? पहिल्या तपासणीची एमआरआयची सीडी सोबत ने. गाठ आधी कुठवर होती हे त्यावरून कळतं.

आता वेळेचं. तुझी पहिली लाईट ८ डिसेंबरला झाली. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं, म्हणजे १ फेब्रुवारीच्या आत. उशीर झाला की उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात. रथसप्तमी २५ तारखेला. तिच्यानंतर सुरू केलंस तर आतल्या चार लाईटी कधी होणार? हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वहिनी वाण देईल, तू या आठवड्यात जा.

त्रास होणारच नाही असं खोटं सांगत नाही. नळ्या असेपर्यंत उताणं पडून राहावं लागतं, पाठ दुखते. दुखलं तर लाजू नकोस, औषध माग. नंतर काही दिवस लघवीला जळजळ होते. पुढे योनीची जागा आखडू नये म्हणून एक साधन वापरायला सांगतात. त्याबद्दल सिस्टर बोलतील तेव्हा मामांना बाहेर पाठव आणि सगळं नीट विचारून घे. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि वहिनी, तीस ओलांडलेल्या आपल्या घरातल्या सगळ्याजणींनी तपासणी करून घ्या, तूसुद्धा. आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि टाटाच्या लोकांनी गावोगाव जाऊन लाखाच्या वर बायकांचा अभ्यास केला. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने मरणाऱ्या बायका जवळजवळ निम्म्या झाल्या. तो निष्कर्ष २००९ साली छापून आला. मी इथे तो शिकले तेव्हा पुस्तकात आपल्या जिल्ह्याचं नाव वाचून डोळे भरून आले. आणि तरीही आपल्या घरात कुणाची तपासणी झाली नव्हती. मीही कधी विचारलं नाही, ही माझी चूक.

मंगळवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करते. माझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार असतील, पण मी जागीच असेन. तोवर वहिनीने तारीख घेऊन ठेवावी.

मामांना नमस्कार, लहानग्याला पापा.

तुझी,
भाची