गोव्यातल्या पेडण्याच्या मेस्त्रीकाकांना, दोन तारांबद्दल

आदरणीय मेस्त्रीकाका,

श्रीनगरहून सायकलने कन्याकुमारीला पोचलो. तुम्ही उभ्या केलेल्या मागच्या चाकाची एकही तार, म्हणजे स्पोक, तुटली नाही. हे आधी सांगतो, कारण भेटलो असतो तर तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. आभार तुम्हाला आवडत नाहीत, हे पैसे देताना कळलंच होतं. तरी हे पत्र चारचौघांत लिहितो आहोत, कारण तुमच्या आधी ज्यांनी त्या चाकाला हात लावला त्यांनीही ते वाचावं असं फार वाटतं.

श्रीनगरहून निघणारे बहुतेक सायकलवाले 44 क्रमांकाच्या महामार्गाने झाशी, नागपूर, हैदराबाद, बंगळूर करत सरळ खाली उतरतात. आमची वाट मध्येच वळून कोकणातली, 66 क्रमांकाची. घाट, खड्डे, काँक्रीट आणि डांबर यांच्या सांध्यावरची उंच कड, आणि मागच्या कॅरियरला दोन्हीकडे भरलेल्या बॅगा. अशा वाटेवर तार तुटते ती मागच्याच चाकाची आणि बहुधा उजवीकडची. कॅसेटला, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्याला, जागा करायची म्हणून हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, उजवी चकती आत सरकलेली असते. रिम फ्रेमच्या मधोमध ठेवायची तर उजव्या तारा जवळजवळ उभ्या राहतात आणि त्यांना ताण जास्त द्यावा लागतो. डावीकडचा ताण उजवीच्या साधारण 60 टक्केच भरतो.

शहरातल्या त्या चकचकीत दुकानाला, जिथे काचेआड लाखाच्या सायकली टांगलेल्या आहेत, हे माहीत नसेल असं म्हणवत नाही. पण त्यांनी काय केलं? तुटलेली एक तार बदलली, शेजारच्या दोन-चार तारा आवळून आऊट, म्हणजे रिमचं डावी-उजवीकडे डुलणं, काढला, चाक फिरवून दाखवलं आणि बिल दिलं. रिम सरळ फिरत होती, हे खरं. पण काही तारा कडक आणि काही ढिल्या ठेवूनही रिम सरळ दिसू शकते. तार नुसती ओढली जाऊन सहसा तुटत नाही. ती लवून लवून, हबकडच्या डोक्याजवळच्या वळणावर तुटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खाली आलेल्या तारेचा ताण थोडा सुटतो आणि वर जाताना परत बसतो. 700सी मापाच्या, म्हणजे आमच्यासारख्या सायकलींच्या, चाकाचे किलोमीटरला साडेचारशेहून जास्त फेरे होतात, म्हणजे 100 किलोमीटरला 46 हजारांच्या आसपास. मुळात ढिली असलेली तार दर फेऱ्याला हबच्या भोकात हलते, आणि वळणावरचं लोखंड थकतं. मग तीच किंवा तिची शेजारीण जाते. दुसरी तार गेल्यावर त्याच दुकानाचा सल्ला होता, नवीन व्हीलच घ्या.

तुम्ही नवीन काही घ्यायला सांगितलं नाहीत. टायर, ट्यूब, रिमची पट्टी उतरवली आणि सगळे निपल, म्हणजे रिमकडे तार आवळणारे छोटे नट, सारखे ढिले केलेत. कॅसेट काढताना ती धरायला विकतचं हत्यार नव्हतं, तर लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा बोल्टने ठोकलेलं तुमचं स्वतःचं होतं, आणि ते विकतच्यापेक्षा कमी घसरतं. प्रत्येक निपलच्या आट्यांना आणि रिममधल्या बैठकीला तेलाचा एक थेंब. मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून प्रत्येक निपलला अर्धा आटा, परत पहिल्यापासून अर्धा आटा. ताण वाढल्यावर पाव आटा पुढे आणि थोडा मागे, म्हणजे तार स्वतःभोवती पिळलेली राहत नाही. मीटर नव्हता. तारा बोटाने छेडून आवाज जुळवत होतात, उजवीकडच्यांचा एक सूर आणि डावीकडच्यांचा त्याहून खालचा. आऊट पाहायला फ्रेमच्या चिमट्याला टेकवलेला खडू. जिथे खडू लागला तिथे रिम बाहेर, एवढा साधा हिशेब. रिम मधोमध आहे का ते बघायला चाक उलटं करून परत फ्रेममध्ये बसवलंत. दोन्ही वेळा फट सारखी आली तेव्हाच मान हलवलीत.

हातमोजे घालून समांतर तारांच्या जोड्या मुठीत दाबणं हे काम तर त्या दुकानात कुणी करताना दिसलंच नव्हतं. त्याने तारा हबच्या भोकांत आणि निपल रिममध्ये नीट बसतात. ते न करता चाक दिलं तर पहिल्याच चढावर तारा टण् टण् वाजून पीळ सोडतात आणि आऊट परत येतो. तुम्ही तेही सोडलं नाहीत. सामान लादून एक फेरी मारून या म्हणालात आणि आल्यावर पुन्हा खडू लावलात.

हे सगळं कुठून आलं, ते दुकानात उभ्या असलेल्या इतर सायकली बघून कळत होतं. पोदेरांच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यांच्या, सायकली. पावांनी भरलेली ती भली मोठी टोपली मागच्या कॅरियरवर, आणि खाली जुन्या धाटणीचं 40 तारांचं चाक. पुढच्याला 32, मागच्याला 40, कारण वजन मागे असतं. हे शहाणपण जुन्या काळ्या सायकलीत होतं. आता लांबच्या प्रवासाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींना बऱ्याचदा दोन्ही चाकांत 32च तारा देतात, कधी त्याहूनही कमी, आणि वर चार बॅगांचं कॅरियर लावून देतात. रोज पहाटे ओझं घेऊन निघणारी चाकं ज्याच्या हाताखालून जातात त्याला चाक कळणारच.

पण काका, हे पत्र त्या चाकासाठी नाही. चाक उत्तम झालं, त्याचे पैसे तुम्ही रास्त घेतलेत, तो व्यवहार तिथे मिटला. पत्र आहे त्यानंतरच्या गोष्टीसाठी. आम्ही बॅगा चढवत होतो तेव्हा तुम्ही म्हणालात, "फुडें मोडली जाल्यार?" पुढे मोडली तर? आणि परत आत गेलात.

बाहेर आलात ते दोन तारा घेऊन. एक साधी, डावीकडची. दुसरी उजवीकडची. ती मुद्दाम लांब घेऊन तिचं डोकं छाटलं होतं आणि त्या टोकाला इंग्रजी झेड अक्षरासारखी दोन वळणं दिली होती. उजवीकडची डोक्याची तार घालायची तर कॅसेट काढावी लागते, आणि करमळ घाटात किंवा पोळे ओलांडून कारवारच्या पुढे कॅसेट काढायचं हत्यार कुणाकडे असणार? वाकडी तार कॅसेट न काढता हबच्या भोकात अडकवता येते. तिला पूर्ण ताण द्यायचा नाही, फक्त रिम ब्रेकला घासणार नाही इतपत, आणि पुढच्या गावात खरी तार बसवून घ्यायची, हेही बजावलंत. दोन्हींवर निपल चार-पाच आटे फिरवून ठेवले होते, म्हणजे हरवणार नाहीत. उजवीला लाल दोरा गुंडाळला होता, म्हणजे अंधारातही गोंधळ नको. फ्रेमला बांधल्यात त्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने, चिकटपट्टीने नाही, कारण उन्हात तिचा गोंद वितळून धूळ धरतो. आणि आमच्या पान्याची खाच त्या निपलला बसते का, ते स्वतः लावून पाहिलंत.

पैसे विचारले तर म्हणालात, वापरल्या तर द्या.

गिऱ्हाईक नजरेआड गेल्यावर त्याचं काय होईल याचा विचार करणारी माणसं रस्त्यावर भेटतात, नाही असं नाही. बाटली भरून दिल्यावर पुढची विहीर किती लांब आहे ते सांगणारी गाड्यावरची बाई, घाटात चढाची लेन मोकळी सोडून मागे दमाने येणारा ट्रकवाला. यांच्यातलं कुणी बिलाखाली "पुन्हा अवश्य या" असं छापत नाही. ते छापणाऱ्यांकडे पुन्हा जावं लागलं होतं, ते वेगळ्या कारणाने.

तारा वापराव्या लागल्या नाहीत, तेव्हा तुमच्या हिशेबाने आमचं देणं शून्य. तो हिशेब आम्हाला मान्य नाही. पोस्टाने एक पेटी येईल. तीत 14 गेज जाडीच्या स्टेनलेसच्या तारा आहेत, निपलसकट. समुद्राच्या वाऱ्यात गंजतात म्हणून साध्या घेतल्या नाहीत. 700सीला लागणाऱ्या 290 मिलिमीटरच्या आसपासच्या लांब्या 2-2 मिलिमीटरच्या फरकाने आहेत, कारण उजवी डावीपेक्षा साधारण तेवढीच आखूड लागते. झेड काढायला थोड्या जास्त लांब तारा वेगळ्या बांधल्या आहेत. पावसाळा सरला की पत्रादेवीचा नाका ओलांडून भरल्या बॅगांच्या सायकली तुमच्या दारावरून जाऊ लागतील. ज्यांना द्याव्याशा वाटतील त्यांना द्या. पैसे घ्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

आणि एक विचारायचं आहे. डोकं छाटल्यावर पहिलं वळण टोकापासून किती अंतरावर घेता, आणि तार पक्कडीत धरून वाकवता की शेगड्यात? आम्ही वाकवलेली तार ताण देताच सरळ होते. तुमची का होत नाही ते पुढच्या खेपेला दाखवा.

तुमचे,
सायकलवाले